समुद्राच्या तळाशी चालायला पोहता यावं लागत नाही, पण एक जुनी सवय मोडावी लागते

जुनी, लालसर २० रुपयांची नोट आठवतेय? तिच्या मागे नारळाची झाडं, समुद्र आणि लांबवर एक दीपगृह दिसायचं. ते चित्र अंदमानचं. ते दीपगृह ज्या नॉर्थ बे भागात आहे, तिथं आता फेरीबोटी भरभरून पर्यटक उतरतात. आधी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, मग नॉर्थ बे, हा आपल्याकडच्या टूरवाल्यांचा ठरलेला कार्यक्रम. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तो फोटो येतो. काका-काकू पाण्याखाली उभे, डोक्यावर अंतराळवीरासारखं भलंमोठं हेल्मेट, आजूबाजूला पट्ट्यापट्ट्यांचे मासे. कॅप्शन, ‘सी वॉक!’

फोटो पाहून पहिला प्रश्न हाच पडतो की काकांना तर पोहता येत नाही. आणि ते हेल्मेट गळ्याशी नीट बंदही नाहीये. खालून सगळं उघडंय. मग पाणी आत का शिरत नाही?

उत्तर तुमच्या बाथरूममध्ये आहे. बादली पाण्याने भरा, एक पेला पालथा धरा आणि सरळ खाली दाबा. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा चिकटवलेला असेल तर तो कोरडाच राहतो. आतली हवा बाहेर जायला वाट नसते, म्हणून पाण्याला आत जागा मिळत नाही. सी वॉकचं हेल्मेट म्हणजे हाच पालथा पेला, फक्त आत तुमचं डोकं असतं.

पण बादली आणि समुद्र यांत एक फरक आहे. जसजसं खाली जाल तसतसा पाण्याचा दाब वाढतो आणि हवा आकसते. समुद्रात दर १० मीटरला आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढतो. म्हणजे ५ मीटरवर दाब दीडपट. पेला नुसताच ५ मीटर खाली नेला, तर आतली हवा दोन तृतीयांश उरेल आणि एक तृतीयांश पेला पाण्याने भरेल. हेल्मेटमध्ये असं झालं तर पाणी नाकातोंडाशी येईल. म्हणून वर बोटीवर किंवा तरंगत्या फलाटावर कॉम्प्रेसर असतो. पंक्चरच्या दुकानात असतो ना, साधारण त्याच जातीचा, पण श्वासासाठी स्वच्छ हवा देणारा. तो नळीवाटे सतत हवा सोडत राहतो. हेल्मेट भरून जी जास्तीची हवा उरते ती खालच्या कडेने बुडबुडे होऊन निघून जाते. पाणी तुमच्या खांद्यांशी थांबतं. आतला दाब किती ठेवायचा हे कुणाला ठरवावं लागत नाही. कड उघडी असल्यामुळे आतल्या हवेचा दाब आपोआप बाहेरच्या पाण्याइतकाच राहतो.

सतत हवा सोडण्याचं आणखी एक कारण आहे. आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बंद डब्यात तो साठत गेला तर आधी धाप लागेल, मग डोकं दुखेल. ताजी हवा तो धुऊन काढते. त्यामुळे हेल्मेटमध्ये होणारा तो घरघर आवाज कितीही कंटाळवाणा वाटला, तरी तो चालू असणं हीच चांगली बातमी.

हेल्मेट जमिनीवर ३० किलोच्या आसपास भरतं. म्हणूनच ते जेट्टीवर घालत नाहीत. तुम्ही शिडीवरून मानेपर्यंत पाण्यात उतरता, मग वरून दोघं ते तुमच्या डोक्यावर ठेवतात. पाण्यात गेलं की आतल्या हवेमुळे पाणी त्याला वर ढकलतं आणि खांद्यावर जेमतेम काही किलोंचा भार राहतो. तोच भार तुम्हाला तळाशी उभं ठेवतो. तोंडात काही धरायचं नाही, केस बहुतेक कोरडे, आणि चष्मा घालूनही जाता येतं. मासे मात्र खरे असतात त्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठे दिसतात, कारण पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना प्रकाश वाकतो. तेव्हा ‘एवढा मोठा मासा!’ या गोष्टी थोड्या कमी करून ऐकाव्यात.

मालवणला करतात ते हेच का, असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही. मालवण-तारकर्लीला बहुतेक ठिकाणी जे होतं ते स्कूबा. त्यात पाठीला सिलिंडर आणि तोंडात नळी असते, प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो आणि तुम्ही पाण्यात तरंगत असता. हेल्मेटमध्ये तुम्ही अक्षरशः चालता. पण ज्या नियमाबद्दल पुढे सांगणार आहे तो दोन्हीकडे सारखाच.

ही आयडिया आली आगीतून

हे सगळं कुणा टूर कंपनीच्या डोक्यातून निघालेलं नाही. १८२३ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डीन नावाच्या माणसाने धुरात घुसण्यासाठीच्या हेल्मेटचं पेटंट घेतलं. आग लागलेल्या ठिकाणी शिरणाऱ्याच्या डोक्यावर तांब्याचं टोपडं आणि त्यात भात्याने बाहेरून हवा. धुरापेक्षा ते पाण्यात जास्त उपयोगी आहे हे चार्ल्स आणि त्याचा भाऊ जॉन यांच्या लक्षात आलं आणि दोघं बुडालेल्या जहाजांवरचा माल काढायला लागले. १८३६ मध्ये पोर्टस्मथजवळ कोळ्यांची जाळी तळाशी कशाला तरी अडकत होती. ते काय आहे ते बघायला जॉन डीन उतरला, तर ते निघालं १५४५ मध्ये बुडालेलं इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज.

डीन बंधूंच्या हेल्मेटची एक खोड होती. ते खालून उघडं होतं, त्यामुळे पाणबुड्या जास्त वाकला किंवा पडला तर हवा निसटून पाणी आत यायचं. मग ऑगस्टस झीबं या कारागिराने हेल्मेट अंगभर रबरी पोशाखाला पक्कं जोडलं आणि सिनेमात दिसतो तो जाडजूड पाणबुड्या तयार झाला. धंदेवाईक कामासाठी उघडं हेल्मेट मागे पडलं. पण उथळ पाण्यात फक्त बघायला जाणाऱ्यांसाठी ते इतकं सोपं होतं की ते टिकून राहिलं. १९२० च्या दशकात विल्यम बीब हा अमेरिकन निसर्ग-अभ्यासक असंच हेल्मेट घालून गॅलापागोस आणि हैतीच्या समुद्रात मासे बघत फिरला. हाच बीब पुढे १९३४ मध्ये पोलादी गोळ्यात बसून बर्म्युडाजवळ ९२३ मीटर खोल गेला. आज असे सी वॉक बर्म्युडापासून बालीपर्यंत चालतात. मॉरिशसच्या ग्रां बे भागातही आहेत. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे जाता जाता.

डीनची खोड मात्र आजच्या हेल्मेटलाही आहेच. म्हणून गाइड सांगतो की मान सरळ ठेवा, खाली वाकून शंख उचलायला जाऊ नका. पेला तिरका केला की हवा भुडूककन निसटते, तसंच.

आणि आता आईचा कान

दोन वर्षांपूर्वी मी आईला घेऊन अंदमानला गेले होते. आई ५८ वर्षांची, पोहणं शून्य. सी वॉकच्या काउंटरवर एक इंग्रजी फॉर्म पुढे आला, आम्ही सही केली. वाचला नाही, चूक आमची. पण सर्दी आहे का, असं कुणी विचारलंही नाही. आईला होती. तिनेही सांगितलं नाही, कारण पैसे भरले होते. शिडीच्या चौथ्या पायरीला तिचा कान ठणकायला लागला. तिला वाटलं, सगळ्यांना होत असेल. ती तशीच आणखी दोन पायऱ्या उतरली, मग कळ असह्य झाल्यावर हात वर करून परत आली. पुढचे दोन दिवस तिला एका कानाने कमी ऐकू येत होतं.

झालं काय होतं? कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि ती बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, पोकळीतली हवा आकसते, पडदा आत ओढला जातो. नळी उघडून आत हवा गेली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो. सर्दीत ती नळी सुजून बंद झालेली असते. पाणी उथळ आहे म्हणून हा त्रास कमी होतो, असं नाही. उलट पहिल्या काही मीटरमध्येच दाबातला फरक कानाला सगळ्यात जास्त जाणवतो. उपाय सोपा आहे आणि उघड्या हेल्मेटमध्ये तो करताही येतो. खालून हात आत घाला, नाक चिमटीत धरा, तोंड मिटून हळूच फुंका. किंवा आवंढा गिळा. हे प्रत्येक पायरीवर करायचं, दुखायच्या आधी. दुखलं तर एक पायरी वर यायचं. सर्दी असेल त्या दिवशी जायचंच नाही.

कानाची कळ निदान ओरडून सांगते तरी. दुसरी गोष्ट सांगतच नाही.

आपल्यापैकी जे विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकले, त्यांना पहिला धडा काय मिळाला? श्वास धर. तिथं ते बरोबर आहे. काठावर भरून घेतलेली हवा खाली जाताना आकसते, वर आल्यावर पुन्हा तेवढीच होते. हेल्मेटमध्ये मात्र तुम्ही खाली असताना दाबाखालची हवा घेता. ५ मीटरवर छातीत ६ लिटर हवा भरून घेतलीत आणि श्वास रोखून वर आलात, तर पृष्ठभागाशी तिला ९ लिटर जागा लागेल. फुप्फुसात तेवढी जागा नसते. ती फाटू शकतात, हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. आणि यासाठी फार खोल जावं लागत नाही. भरल्या छातीने एक-सव्वा मीटर वर येणंही पुरेसं ठरू शकतं.

शिडीवरून हळूहळू, श्वास घेत-सोडत वर येणाऱ्याला यातलं काही होत नाही. हजारो लोक रोज असेच सुखरूप वर येतात. धोका असतो तो घाबरलेल्याला. पाणी हनुवटीला लागलं, माणूस बिथरला, हेल्मेटखालून निसटला आणि विहिरीत शिकवल्याप्रमाणे श्वास धरून वर सुटला, तर. हेल्मेट पट्ट्याने बांधलेलं नसतं ते मुद्दामच, अडचण आली तर निघता यावं म्हणून. पण निघायचं ते तोंडाने ‘आऽऽ’ करत, हवा सोडत. मला हे तिथं कुणी सांगितलं नव्हतं. हाताच्या तीन खुणा शिकवल्या आणि उतरवलं. परत आल्यावर वाचलं तेव्हा पोटात गोळा आला.

म्हणून काउंटरवर थोडं चिकट व्हायला हरकत नाही. कॉम्प्रेसर बंद पडला तर काय, हे विचारा. बऱ्या ठिकाणी राखीव सिलिंडर जोडलेला असतो, आणि हवा नळीतून उलटी जाऊ नये म्हणून हेल्मेटला एकमार्गी झडप असते. कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतोय ते डोळ्यांनी बघा. शेजारीच बोटीचं इंजिन धूर सोडत असेल तर तोच धूर तुमच्या हेल्मेटमध्ये येणार. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. खाली किती जणांमागे एक गाइड आहे, हेही विचारा. आणि दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर पैसे गेले तरी चालतील, पण सांगा. आधी डॉक्टरांना विचारून गेलात तर उत्तमच. दारू पिऊन जायचं नाही हे सांगायला लागू नये, पण लागतं.

विमानाचा प्रश्नही हमखास येतो. स्कूबावाल्यांसाठीचा सल्ला असा की एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास विमानात बसू नये, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. पाच-सहा मीटरवरच्या वीस मिनिटांत तो फारच कमी विरघळतो. तरीही सी वॉक शेवटच्या दिवशी न ठेवता आधी ठेवला तर तुमचं काही जात नाही.

खाली गेल्यावर गाइड हातात ब्रेडचा तुकडा देतो, मासे गोळा होतात, फोटो झकास येतो. मला ते तेव्हा आवडलं होतं, आता आवडत नाही. ब्रेड हे माशांचं खाणं नव्हे, आणि फोटोसाठी गर्दी जिथं सरकते तिथं पायाखाली प्रवाळ असू शकतं. प्रवाळ म्हणजे दगड वाटणारा जिवंत प्राणी. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढणारा. भारतात २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलून आणता येत नाही. अंदमानच्या वीर सावरकर विमानतळावर बॅगा तपासताना तो एक्सरेत स्पष्ट दिसतो, आणि मग तो तुकडा तिथंच ठेवून, वर चौकशीला तोंड देऊन विमान गाठावं लागतं.