पूर ओसरल्यावर शिकलेली उपकारस्तुती



मदतकार्याहून परतल्यावर मंडळीत साक्ष द्यायची वेळ येते, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो : "लोकांनी आभार मानले का?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा प्रश्न मुळात उलटा आहे, हे मला 2023 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कळले.

त्या वर्षी 22 जुलैला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर पाण्याने वेढले गेले आणि तिथल्या लोकांसाठी वायुदलाची हेलिकॉप्टर पाठवावी लागली. ही बातमी सर्वांनी पाहिली. पण नाल्याकाठच्या लहान वस्त्यांची बातमी झाली नाही. महिन्याभराची कपाशी आणि सोयाबीन मातीसकट खरडून गेले. घरातली ज्वारी भिजली. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक यांचा लगदा झाला.

मी मूळची राहुरीकडची. आमच्याकडे पावसाने ओढ दिली होती आणि मी ताडपत्र्या व किराणा घेऊन रात्रभर प्रवास करून पुराच्या गावी निघाले होते. घरी आईच्या डोळ्याचे ऑपरेशन आठवड्यावर आले होते. तिसऱ्या रात्री एका शाळेच्या व्हरांड्यात ओल्या सतरंजीवर पडून मी देवापुढे हिशेब मांडत होते : मी एवढे सोडून आले, आणि इथे कोणी दोन शब्द नीट बोलतही नाही.

माझी चूक

दुसऱ्या दिवशी आम्ही एका कोलाम पोडावर गेलो. पोड म्हणजे कोलाम बांधवांची वस्ती. त्यांची स्वतःची कोलामी बोली आहे आणि शासनाने त्यांना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरले आहे. मी जुन्या यादीवरून 38 किट बांधून आणले होते. पोडावर चुली निघाल्या 46. लग्न होऊन वेगळी झालेली मुले यादीत नव्हतीच. आधी येऊन घरे मोजायला हवी होती. मी मोजली नव्हती.

एक तरुण सरळ बोलला, "ताई, आदी इचारलं असतं तं बरं झालं असतं." माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेवढ्यात एका आजीने आपले किट सोडले, चादर पसरली आणि डाळ, तांदूळ डब्याने मोजून शेजारच्या सुनेच्या पदरात घातले. मग दुसऱ्या घराने तेच केले. तासाभरात आठही चुलींची सोय झाली. कोणी भाषण केले नाही, माझे आभारही कोणी मानले नाहीत. मी निघताना आजीने मला हाताला धरून बसवले. "लांबून आली तू. उपाशी नोको जाऊ." भिजून वाळवलेल्या ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. भाकरीला कुबट वास होता. त्या घरात दुसरे धान्य नव्हते.

ती भाकर खाताना मला एलीया संदेष्टा आठवला. दुष्काळात देवाने त्याला सारफथ येथे पाठवले ते एका विधवेच्या दारी, आणि तिच्याकडे शेवटचे मूठभर पीठ होते. धर्मशिक्षणाच्या पदविकेत हा शास्त्रभाग मी विश्वासाचा धडा म्हणून शिकले होते. देवाचा सेवकही परक्या गावी घेणारा असतो, हे मात्र त्या ओसरीवर समजले.

उपकारस्तुती म्हणजे काय?

पहिले, ती संकटाबद्दल नसते. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. परिस्थितीत राहून स्तुती करणे वेगळे आणि परिस्थितीबद्दल स्तुती करणे वेगळे. ज्याचे शेत वाहून गेले त्याला "यातही देवाचा हेतू आहे, आभार मान," असे आपण सांगू नये. त्याच्याबरोबर रडावे.

दुसरे, ती मागून घ्यायची वस्तू नाही. किट हातात देऊन फोटो काढताना आपण नकळत आभारच वसूल करतो. म्हणून आम्ही वाटपाच्या वेळी चेहऱ्यांचे फोटो काढणे बंद केले आहे. प्रार्थनेची अटही कधी घालत नाही.

तिसरे, तिचा पहिला ऋणी देणारा असतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल दानाविषयी लिहितो, तेव्हा त्या दानातून देवाची स्तुती होते यावर त्याचा भर आहे. देणाऱ्याच्या नावावर नाही. पंडिता रमाबाईंनी आपले आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व विधवांना आधार दिला. उपाशी माणसाकडे त्या वरून पाहत नव्हत्या. ती भूक त्यांच्या ओळखीची होती.

आपल्यावरही यवतमाळचे ऋण आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला जाण्यापूर्वी 30 वर्षे यवतमाळातच होती. कितीतरी पाळक त्या गावचे पाणी पिऊन तयार झाले.

पुढे काय केले

चार दिवसांनी मी आठ किट घेऊन पुन्हा पोडावर गेले. त्या घरांनी आधी शेजाऱ्यांची डाळ मोजून परत केली, मग उरलेले आत नेले. त्यानंतर आमचा बराच वेळ कागदांत गेला. तलाठ्याच्या पंचनाम्यात नाव आले नाही तर नुकसानभरपाई मिळत नाही. वनजमीन कसणाऱ्या ज्या कुटुंबांकडे 2006 च्या कायद्याखालचा वनहक्क पट्टा नाही, त्यांची अडचण सर्वांत मोठी. किराणा महिनाभर पुरतो. एक नीट भरलेला अर्ज पुढच्या पेरणीला कामी येतो.

घरी परतले तेव्हा कळले, आईला ऑपरेशनला मंडळीतल्या एका भगिनीने नेले आणि दोन रात्री तिच्याजवळ थांबली. मी देवापुढे मांडलेल्या हिशेबात ही रक्कम धरलीच नव्हती.

म्हणून आता कोणी विचारले, "लोकांनी आभार मानले का?" तर मी सांगते, "मी मानले. थोडे उशिरा मानले."

प्रार्थनेसाठी विषय : पट्ट्याविना राहिलेली कुटुंबे, पावसाळ्यात नाल्याकाठी झोपणारी मुले, आणि आम्ही कार्यकर्ते, की आम्ही वाटण्याआधी विचारायला शिकावे.