आरशासारखीं तावदानें

अलीकडे शहरांतील घरांच्या खिडक्यांस आरशासारखी चकाकणारी फिल्म लावण्याची चाल बरीच पडली आहे. दुकानदार सांगतो कीं, ती लावली म्हणजे आंतून बाहेरचें सर्व दिसतें, बाहेरून आंतलें कांहीं दिसत नाहीं, आणि शिवाय खोली थंड राहून विजेचें बिलहि उतरतें. यांतील आडोशाची गोष्ट अर्धीच खरी आहे. ज्यांच्या खिडक्या रहदारीच्या रस्त्यालगत आहेत, व ज्यांच्या लेकीसुना दिवेलागणीनंतर त्या खिडक्यांशीं निर्धास्तपणें वावरतात, त्यांनीं उरलेला अर्धा भाग अवश्य समजून घ्यावा.

ही फिल्म म्हणजे पॉलिएस्टर नांवाच्या प्लास्टिकचा पापुद्रा. त्याची जाडी बहुधा मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. निर्वात पेटींत ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ करतात व ती या पापुद्र्यावर बसूं देतात. आपल्या घरच्या आरशाच्या पाठीवरहि धातूचा थर असतो. पण तो दाट असल्यामुळें प्रकाश पलीकडे जात नाहीं. येथें तो मुद्दाम विरळ ठेवलेला असतो, एवढाच भेद.

आतां असें समजूं कीं, एका फिल्मवर पडलेल्या प्रकाशाच्या १०० भागांपैकीं ६० परततात, १५ आरपार जातात व २५ शोषले जातात. हें प्रमाण दोन्ही बाजूंनीं जवळजवळ सारखेंच असतें. एका दिशेस वाट देऊन दुसरीस अडविण्याची जादू तींत नाहीं. दुपारीं बाहेर उजेड १०० भाग व खोलींत २ भाग आहे असें धरा. रस्त्यावरील मनुष्याच्या डोळ्यांत बाहेरच्याच उजेडाचे ६० भाग परतून येतात, आणि खोलींतून येतो अवघा ०.३ भाग. त्यास आरसाच दिसतो. खोलींतील मनुष्यास बाहेरून १५ भाग मिळतात व स्वतःच्या प्रतिबिंबाचा १.२ भाग, त्यास रस्ता स्पष्ट दिसतो. रात्रीं दिवा लागला कीं हेच आंकडे उलटतात. आरसा आंतल्यांच्या वांट्यास येतो, आणि बाहेरच्यांस खोली दिसूं लागते! कपट असें कीं, आंतल्यास बाहेरचें कांहींच न दिसल्यामुळें आपणहि कोणास दिसत नाहीं, असा त्याचा ग्रह होतो. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग घरीं करून पाहावा: संध्याकाळीं खोलींत दिवा लावून भावंडास आंत उभें करावें व स्वतः अंगणांत जावें. फिल्म लावली तरी रात्रीं पडदा ओढलाच पाहिजे.

उष्णतेचें म्हणणें मात्र बऱ्याच अंशीं खरें आहे. सूर्याच्या उष्णतेचा सुमारें निम्मा भाग डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. साधी कांच त्यांतील बहुतेक आंत घेते; पण तापलेल्या फरशीपासून व भिंतींपासून निघणारे निराळ्या जातीचे, लांब लहरींचे किरण ती सरळ बाहेर जाऊं देत नाहीं. फिल्म पुष्कळसें ऊन मुळांतच परतविते. तथापि सर्व खिडक्यांस ती लावणें हा पैशाचा अपव्यय होय. नागपुरास जून महिन्यांत भर दुपारीं सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित् उत्तरेकडेच असतो. तेव्हां दक्षिणेच्या खिडकीस छज्जा पुरतो. डिसेंबरांत तेथून येणारें ऊन हवेंसें असतें. खरा वैरी पश्चिमेचा उतरता सूर्य. तो छज्जाखालून सरळ बिछान्यापर्यंत येतो, म्हणून फिल्मचा मान पश्चिमेच्या तावदानांस. आमचें मत विचाराल तर, जेथें जागा आहे तेथें बाहेरून सोडलेला बांबूचा चिक याहून सरस. कारण तो उन्हास कांचेपर्यंत पोंचूंच देत नाहीं.

बिलाविषयीं इतकेंच कीं, खोलींत वातानुकूलन यंत्र असेल तर बचत दिसेल. नसेल तर सुख मिळेल, पैसा वांचणार नाहीं. आणि फार काळी फिल्म घेऊन दिवसां दिवा लावावा लागला, तर उलट खर्चच.

फिल्म लावणें दोघांचें काम आहे. कडक उन्हांत तें करूं नये. पाणी लवकर सुकतें. प्रथम तावदान आंतील बाजूनें धुवावें व रंगाचे ठिपके पात्यानें खरवडावे. एक कण राहिला तरी तेथें कायमचा फोड दिसतो. बाटलीभर पाण्यांत साबणाचे चार थेंब टाकून कांच चिंब करावी. फिल्मच्या पाठीवरचा पातळ पापुद्रा सोलतांना एकानें फिल्म धरावी व दुसऱ्यानें उघड्या पडणाऱ्या चिकट बाजूवरहि तेंच पाणी फवारावें. ओली असेपर्यंत ती कांचेवर हवी तशी सरकवितां येते. मग रबरी पट्टीनें मध्यापासून कडांकडे पाणी काढावें, व कडेस एक-दोन मिलिमीटर जागा सोडून कापावी. पुढें कांहीं आठवडे धुरकट डाग दिसतील. ते पाण्याचे असतात व आपोआप जातात. तोंवर कांच धुवूं नये, आणि अमोनिया असलेलें द्रव्य कधींच वापरूं नये.

तारेची किंवा रंगीत कांच असेल तर आधीं जाणकारास विचारावें. शोषलेल्या उष्णतेनें अशी कांच तडकण्याचा संभव असतो.

शेवटीं पक्ष्यांविषयीं. आरशांत झाडें व आकाश पाहून ते त्यावर आदळतात, आणि विणीच्या दिवसांत दयाळासारखा पक्षी आपल्याच प्रतिबिंबास वैरी समजून तासन् तास चोंची मारीत बसतो. खिडकीसमोर झाड असेल, तर तावदानाच्या बाहेर जाळी बसवावी. खिडकी उघडल्यावर तिनें डांसहि अडतील.