वेळेचा ताळेबंद कोणी जुळवायचा?

अर्धांगवायूच्या झटक्यातून माणूस वाचतो. परंतु शर्टाची गुंडी लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, कागदावर सही करणे या साध्या क्रिया त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागतात. त्या शिकविण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. येथे ‘व्यवसाय’ याचा अर्थ पोटापाण्याचा धंदा एवढाच नव्हे. माणूस दिवसभरात जे जे करतो ते सारे त्यात येते. अ‍ॅडॉल्फ मेयर या मनोविकारतज्ज्ञाने १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा तोल राखणे हे या शास्त्राचे अधिष्ठान म्हणून मांडले. शंभर वर्षांनंतरही ते अधिष्ठान कायम आहे. प्रश्न एवढाच, की रुग्णाला हा तोल शिकविणाऱ्यांच्या स्वतःच्या आयुष्यात तो कितपत उरतो?

भारतात या विद्येचे रोप लावले कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन असलेल्या या विदुषी विवाहानंतर येथे स्थायिक झाल्या, चाळिशी ओलांडल्यावर अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकल्या, आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. संसार सांभाळून नवी विद्या आत्मसात करण्याचा आदर्श म्हणून अशा चरित्रांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. तथापि असाधारण व्यक्तीला जे साधले ते सर्वांनी आपापल्या बळावर साधावे, अशी अपेक्षा धरून कोणताही व्यवसाय उभा राहत नाही.

या क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. डोंबिवलीहून परळला जाणाऱ्या एखाद्या व्यवसायोपचारतज्ज्ञ स्त्रीच्या दिवसाचा हिशेब कल्पनेने मांडून पाहावा. रुग्णालयात आठ तास, जाण्यायेण्यात तीन तास. स्वयंपाकपाणी, मुलांचा अभ्यास, घरातल्या वृद्धांची औषधे यांसाठी साडेचार तास धरले, तर साडेआठ तास उरतात. त्यांतून सात तासांची झोप आणि स्नान-भोजनाचा एक तास वजा केला, की शिल्लक अर्धा तास. घरी कोणी आजारी पडले नाही आणि लोकल वेळेवर धावली, तरच हा अर्धा तास हाती लागतो.

हे कल्पनाचित्र अतिरंजित नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीनुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. घरातल्यांच्या शुश्रूषेसाठी हेच आकडे अनुक्रमे १३४ आणि ७६ मिनिटे आहेत. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांच्या घरकामाची मिनिटे सुमारे दहाने घटली, इतकेच.

त्या उरलेल्या अर्ध्या तासात तिने नवे कौशल्य शिकावे, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा अवास्तव नाही. हाताच्या आधारपट्ट्या घडविण्याचे तंत्र, स्वमग्न मुलांसाठीचे संवेदी समन्वयाचे उपचार, पक्षाघातानंतर दुबळा हात कामाला लावण्याच्या पद्धती यांत सतत भर पडत असते. पदवीच्या वेळी शिकलेल्यावर तीस वर्षे निभावून नेणे म्हणजे रुग्णावर अन्याय. मात्र अशा अभ्यासक्रमांचे शुल्क बहुधा स्वतःच्या खिशातून, वर्ग रविवारी, आणि प्रवास रजा खर्ची घालून, असा परिपाठ पडलेला आहे.

यावर अर्थशास्त्रातील एक परिचित उत्तर आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मानवी भांडवलाचा सिद्धान्त मांडताना म्हटले, की जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते त्याचा खर्च कामगारानेच सोसावा. कारण पुढे वाढलेल्या वेतनाचा लाभही त्यालाच मिळतो. तर्क निर्दोष आहे, पण त्याचे गृहीतक येथे लागू पडत नाही. जेथे वेतनश्रेणी ठरीव आहे किंवा नेमणूक कंत्राटी आहे, तेथे नव्या प्रमाणपत्रामुळे पगार वाढतोच असे नाही. मग लाभ जातो कोठे? तो जातो रुग्णाच्या घरी. सासरे स्वतःच्या हाताने जेवू लागले, म्हणजे त्यांना भरविणाऱ्या सुनेचे तास मोकळे होतात. मूल शाळेत स्थिरावले, म्हणजे त्याच्या आईला सोडलेली नोकरी पुन्हा धरता येते. व्यवसायोपचारतज्ज्ञाने शिकण्यात घातलेला एक तास दुसऱ्यांच्या घरांतील कितीतरी तास सोडवितो. ज्या गुंतवणुकीचा लाभ समाजाला आणि खर्च मात्र एकाच व्यक्तीला, ती गुंतवणूक नेहमी गरजेपेक्षा कमीच होते, हाही अर्थशास्त्राचाच सिद्धान्त आहे.

म्हणूनच ‘तारेवरची कसरत’ या कौतुकाच्या शब्दाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. ज्याला कसरत म्हटले जाते, ते वस्तुतः झोप आणि विश्रांती यांतून काढलेले बिनव्याजी कर्ज असते. रुग्णालयाला कौशल्य मिळते, घराला सेवा मिळते. परतफेड मात्र कोणाच्याच खातेवहीत दिसत नाही.

उपाय अवघड नाहीत. पंधरवड्यातून अर्धा दिवस कामाच्या वेळेतच अध्ययनासाठी राखून ठेवता येईल. अभ्यासक्रमाचे शुल्क संस्थेने उचलावे आणि त्या बदल्यात ठरावीक मुदतीच्या सेवेची हमी घ्यावी. छोट्या खासगी उपचारकेंद्रांना हे झेपणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठी शासकीय महाविद्यालयांनी जिल्ह्याच्या ठिकाणी अल्प शुल्कात वर्ग भरवावेत. २०२१ च्या कायद्याने सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. दर्जाची अपेक्षा करताना त्यासाठी लागणाऱ्या वेळेची तजवीजही त्याच चौकटीत व्हावयास हवी.

शुश्रूषेचा प्रश्न अधिक बिकट आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. वृद्ध आईवडिलांच्या आजारपणासाठी मात्र तितकी व्यापक तरतूद झालेली नाही. जपानमध्ये परावलंबी कुटुंबीयामागे ९३ दिवसांपर्यंतची शुश्रूषा-रजा कायद्याने मिळते. आपल्याकडे वृद्धांची संख्या वाढत असता हा विषय पुढे ढकलता येणार नाही.

कायद्याने न सुटणारा भाग घराचा आहे. २९९ आणि ९७ यांतील अंतर कोणताही आयोग मिटवू शकत नाही. ते घरातील पुरुषांनीच कमी करावयाचे आहे. पंगू झालेल्या हाताला पुन्हा काम शिकविणाऱ्या स्त्रीच्या घरी धडधाकट हात रिकामे बसून राहावेत, ही विसंगती समाजाने किती काळ चालवून घ्यायची?