तीन हृदयांची आई

मंडळी, बनेद अल-गारहून गल्फ रोडवर फिरायला गेलो की समोर दिसतं त्या आखातातही ऑक्टोपस आहेत. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या २०१७ पासूनच्या किनारा-फेऱ्यांत ओहोटीच्या डबक्यांतही ते दिसलेत. ऑक्टोपसला ३ हृदयं: दोन कल्ल्यांसाठी, एक बाकी शरीरासाठी. रक्तात तांबं, म्हणून ते निळं. सुमारे दोन-तृतीयांश चेतापेशी हातांतच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, प्रत्येक हाताला स्वतःचा प्रोसेसर!

अंडी घातल्यावर मादी बिळातून हलत नाही. त्यांच्यावर पाणी सोडते, ती साफ ठेवते, खाणंही सोडते. पिल्लं बाहेर पडली की मरते.

आपल्याला तर दुसऱ्यांच्या पिल्लांना मदत करून घरी जाऊन जेवताही येतं! तेव्हा यंदा हात जरा सैल सोडूया.