हार्लेक्विन इक्थायोसिस : एका दुर्मिळ आनुवंशिक त्वचाविकाराचे स्वरूप

प्रस्तावना :
जून २०१६ मध्ये नागपूर येथील लता मंगेशकर रुग्णालयात हार्लेक्विन इक्थायोसिस हा विकार असलेले अर्भक जन्मास आले व दोन दिवसांतच दगावले. वृत्तपत्रांनी ही देशातील पहिली घटना म्हटली. तथापि भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत त्यापूर्वीच्याही नोंदी आढळतात. जगातील पहिली ज्ञात नोंद अमेरिकेतील ऑलिव्हर हार्ट या धर्मोपदेशकाने १७५० मध्ये आपल्या रोजनिशीत केली. प्रस्तुत लेखात या विकाराची लक्षणे, कारणे व सामाजिक बाजू यांचा परामर्श घेतला आहे.

लक्षणे :
अर्भक बहुधा अपुऱ्या दिवसांचे असते. त्वचा जाड, कठीण पट्ट्यांची असून त्यांमध्ये खोल, लालसर भेगा असतात. त्वचेच्या ताणामुळे पापण्या व ओठ बाहेर उलटतात, नाक व कान चपटे दिसतात, हातपाय आखडतात व श्वसनास अडथळा येतो. शरीरातील पाणी कमी होणे, तापमान न टिकणे व जंतुसंसर्ग हे मृत्यूचे प्रमुख धोके होत.

कारणमीमांसा :
एबीसीए१२ या जनुकातील दोष यास कारणीभूत असल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले. हे जनुक त्वचेच्या पेशींतील स्निग्ध द्रव्यांच्या वहनाचे कार्य करते. ते बिघडल्यास त्वचेचे संरक्षक आवरण तयार होत नाही. माता व पिता दोघेही निरोगी वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत विकाराची शक्यता २५ टक्के असते.

उपचार :
दमट उबपेटी, वारंवार मलम लावणे, डोळ्यांची निगा व रेटिनॉइड औषधे हे उपचार होत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५ रुग्णांच्या आढाव्यात २५ जण जगल्याचे आढळले. म्हणजेच हा विकार अटळ मृत्यू नव्हे.

सामाजिक बाजू :
मराठवाड्यात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. असे अपत्य जन्मल्यास ग्रहण किंवा पूर्वकर्म यांकडे बोट दाखवून मातेस दोषी धरले जाते. वस्तुतः दोषयुक्त जनुक माता व पिता या दोघांकडूनही आलेले असते.

समारोप :
ज्या कुटुंबात असे अपत्य जन्मले असेल, त्याने पुढील गर्भधारणेपूर्वी जनुकीय समुपदेशन घ्यावे. सदोष जनुक निश्चित झाले असल्यास गर्भजल किंवा वारेच्या पेशींच्या तपासणीने निदान शक्य आहे. विवाहयोग्य वयाचे विद्यार्थी महाविद्यालयातच भेटतात. म्हणून आनुवंशिकतेचे हे साधे गणित विज्ञान शाखेपुरते मर्यादित न ठेवता सर्व शाखांच्या वर्गांत सांगितले जाणे अगत्याचे आहे.