रानडुकरे, कुत्री आणि शिकाऱ्याचा हिशेब

हर्नांडो द सोटो या स्पॅनिश सरदाराने १५३९ साली फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर डुकरे उतरवली. मोकाट सुटून रानटी झालेल्या अशा डुकरांच्या वंशजांनी आज अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेतकऱ्यांना हैराण केले आहे. शिकाऱ्यांचा त्यावरील तोडगा म्हणजे कुत्री.

या कुत्र्यांत श्रमविभागणी असते. लुइझियानाचा कॅटाहूला वासावरून डुक्कर शोधतो, अडवतो आणि भुंकत राहतो. सहसा अंगाला भिडत नाही. कान धरून दाबून ठेवणे हे बुलडॉगचे काम. पिलाला प्रथम कुंपणात लहान डुकरापुढे सोडतात, मग जाणत्या कुत्र्यांच्या संगतीने रानात नेतात. हरणामागे न धावण्याचा धडा त्याला वेगळा द्यावा लागतो. जाड पट्टा आणि छातीवर चिलखत घालूनही सुळ्यांनी कुत्री फाटतात. डुकरांपासून जडणारा ऑजेस्की रोग तर त्यांना जगूच देत नाही.

एवढे करून हाती लागतात एक-दोन डुकरे. उरलेला कळप पांगून शेजारच्या शेतात शिरतो. शिवाय ज्याने कुत्र्यांपायी पैसा आणि वर्षे घातली, त्याला डुकरे समूळ संपणे कसे परवडावे? शिकारीच्या हौसेपायी डुकरे मुद्दाम सोडली जातात, अशी मिसुरीच्या वन्यजीव खात्याची तक्रार होती. त्या खात्याने २०१६ साली आपल्या जमिनींवर डुकरांची शिकार बंद केली आणि अख्खा कळप एकदम धरणाऱ्या सापळ्यांवर भर दिला. टेक्सासने मात्र २०१९ मध्ये, जमीनमालकाची संमती असल्यास, या शिकारीसाठी परवान्याची अटही काढून टाकली.