चौलचा डेव्हिड, मुरूडचा नाना

डेव्हिड अब्राहम चेऊलकर. हे पूर्ण नाव एकदा वाचनात आलं आणि तेव्हापासून 'गोलमाल' किंवा 'अभिमान' पाहताना माझं लक्ष कथेवरून उडायला लागलं. तो बुटका, टकला, गालातल्या गालात हसणारा माणूस पडद्यावर आला की मला रेवदंड्याच्या अलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या दिसायच्या. सिनेमाच्या श्रेयनामावलीत बहुधा नुसतं 'डेव्हिड' एवढंच. त्यामुळे देशभरच्या प्रेक्षकांनी त्याला वांद्र्याचा नाहीतर गोव्याचा ख्रिस्ती अंकल मानून टाकलं. तो होता बेने इस्रायल, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचा मराठी ज्यू, आणि आडनाव सांगतं त्याप्रमाणे मूळ चौलचा.

रेवदंड्याचा पूल ओलांडून काशिदमार्गे खाली गेलं की मुरूड. तिथे १ जानेवारी १९५१ रोजी विश्वनाथ पाटेकर जन्मला. त्याच्याविषयी इथल्या माणसाला मी काही सांगावं असं नाही. नाना म्हटलं की पुरे. अलिबागला एका मित्राकडे मी हे दोघे एका वाक्यात घेतले आणि वाद पेटला. "डेव्हिड? तो तर नुसता काका! नानाच्या शेजारी कुठे बसवतोस त्याला?" मित्राचा हा 'नुसता काका' माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. पुढे जे काही वाचलं, पाहिलं, ते याच दोन शब्दांना उत्तर म्हणून.

डेव्हिडच्या बेने इस्रायल समाजाविषयी म्हणाल तर नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', खंडाळ्याची एलियाहू हनाबीची जागा, मलिदा हे सगळं वाचकांना ठाऊक असेल. किहीमकर, नवगावकर, पेझारकर, रोहेकर, अष्टमकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावांची यादी केली तर जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच तयार होतो. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८चं. या समाजाचा इतिहास हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून ठेवला, पण तो छापून निघायला तब्बल ४० वर्षं लागली आणि निघाला तो तेल अवीवमध्ये, १९३७ साली. त्याच वर्षी मुंबईत मोहन भवनानींच्या 'झांबो'तून डेव्हिड पडद्यावर आला. योगायोगच, पण मला तो आवडतो.

मला खरा खजिना सापडला तो वेगळ्याच ठिकाणी. १८८०च्या सुमारास बेने इस्रायलांनी चक्क मराठी कीर्तन उचललं. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारख्या मंडळींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं रचली, तीही साकी, दिंडी, ओवी, अभंगांत. ज्या श्रोत्यांना हिब्रू प्रार्थना पाठ होती पण तिचा अर्थ लागत नव्हता, त्यांच्यासमोर कीर्तनकार मराठीत उभा राहायचा. योसेफला भावांनी विहिरीत टाकल्याचा प्रसंग आपल्या कीर्तनपरंपरेच्या चालीवर ऐकताना बायाबापड्या डोळे पुसत असणार, याविषयी मला शंका नाही. कीर्तनकाराचं काम काय? गोष्ट श्रोत्यांपर्यंत नेऊन पोचवायची. स्वतः गोष्टीपेक्षा मोठं व्हायचं नाही. हे काम डेव्हिडने जन्मभर केलं, असं माझं मत आहे.

हे कीर्तन आणि सिनेमा यांच्यामधला दुवा आहे जोसेफ डेव्हिड पेणकर. मराठी माणसाला हे नाव जवळपास अपरिचित. पारशी रंगभूमीचा हा नाटककार. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा' त्याच्याच नाटकावरून बेतलेला. भारताचा पहिला बोलपट, आणि त्याच्या मुळाशी एक बेने इस्रायल लेखणी! अर्देशिर इराणींचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं, पेणकरांचं नाही. चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे त्यांच्या कामाचा पडद्यावरचा पुरावाही गेला. या माणसावर मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नटांकडे येऊ. पहिली गंमत अशी, की चौलचा नट आणि मुरूडचा नट दोन वेगळ्या ब्रिटिश निर्मितींत एकाच प्रसंगाभोवती उभे राहिले आहेत. तो प्रसंग म्हणजे ३० जानेवारी १९४८.

'नाइन अवर्स टू रामा' हा मार्क रॉब्सनचा १९६३चा चित्रपट, स्टॅन्ली वोल्पर्ट यांच्या कादंबरीवरचा. गांधीजींच्या खुनाआधीचे नऊ तास. नथुराम गोडसे झाला होता होर्स्ट बुखहोल्ट्झ, 'मॅग्निफिसन्ट सेव्हन'मधला देखणा जर्मन नट! पोलीस अधीक्षक होता होजे फेरर, आणि भारतीय पुढाऱ्याच्या वेषात रॉबर्ट मॉर्ले, इंग्रजी रंगभूमीवरचा मुरलेला विनोदी नट. तोंडाला रंग फासून हिंदी माणसं करण्याचा तो काळ. या सगळ्या गर्दीत भारतीय नटांच्या वाट्याला उरलेसुरले तुकडे आले. त्यांतला डिटेक्टिव्ह मुंडा केला डेव्हिडने. कादंबरी आणि चित्रपट या दोन्हींवर भारतात बंदी आली, म्हणून हे काम आपल्याकडे फारसं कुणी पाहिलंच नाही.

पुढे १९८६ साली इंग्लंडच्या आयटीव्हीवर 'लॉर्ड माउंटबॅटन: द लास्ट व्हाइसरॉय' ही मालिका आली. निकोल विल्यमसन माउंटबॅटन, जॅनेट सुझमन एडविना. नेहरू म्हणून इयन रिचर्डसन, हा स्कॉटिश नट. त्याचं उच्चारणकौशल्य कितीही वाखाणलं तरी नेहरूंच्या टोपीखाली तो मला स्कॉटिशच वाटतो. पण २३ वर्षांत एक गोष्ट बदलली होती. नथुरामसाठी आता जर्मन नट शोधावा लागला नाही. ती भूमिका नाना पाटेकरने केली.

म्हणजे एका ब्रिटिश निर्मितीत चौलचा नट पोलिसांच्या बाजूने, दुसरीत मुरूडचा नट पिस्तुलाच्या बाजूने. दोघांच्या वाट्याला आलेल्या भूमिका पाहिल्या की त्यांच्या पुढच्या-मागच्या कारकिर्दीचं सूत्रच हाती लागतं. नाना नेहमी त्या जागी असतो जिथे काहीतरी फुटणार आहे. डेव्हिड शेजारी उभा असतो, आणि पुढे काय होणार हे त्याला इतरांच्या आधी कळलेलं असतं.

'अभिमान' (१९७३) आठवा. लग्नाच्या स्वागतसमारंभात सुबीर आणि उमा एकत्र गातात. पाहुणे खूश. डेव्हिडचा ब्रजेश्वर राय मात्र शेजाऱ्याला हळूच सांगतो, की बायको नवऱ्यापेक्षा वरचढ आहे आणि हे लक्षण बरं नाही. अमिताभ आणि जया यांना पुढे सिनेमाभर जे भोगायचं आहे, ते या माणसाने दोन वाक्यांत सांगून टाकलं, तेही आवाज न चढवता. तिथे नटाने थोडा जरी जास्त जोर दिला असता तर ती भविष्यवाणी झाली असती आणि प्रसंग कोसळला असता. डेव्हिडने ती गाण्यातल्या जाणकाराची शेरेबाजी म्हणून ठेवली.

'गोलमाल'मधला (१९७९) त्याचा डॉ. केदार पाहा. भवानीशंकरला कसा मुलगा आवडतो, कपडे कसे हवेत, खेळाचं नाव का काढायचं नाही, हा सगळा धडा रामप्रसादला तोच देतो. कथेची किल्ली फिरवून बाजूला होतो. हशा उत्पल दत्त आणि अमोल पालेकर घेऊन जातात. 'खट्टा मीठा'त (१९७८) तो पारशी, त्याच सुमाराच्या 'बातों बातों में'मध्ये ख्रिस्ती, आणि दोन्हीकडे उद्योग एकच: दुसऱ्यांची लग्नं जुळवणं. उलट बिमल रॉय यांच्या 'यहुदी'त (१९५८) ज्यू एझ्रा कोणी केला? पारशी सोहराब मोदींनी. आमचा खरा ज्यू पारशी करतोय आणि पारशी ज्यू करतोय, हे फक्त मुंबईतच घडू जाणे.

डेव्हिडच्या कारकिर्दीच्या भर काळात तिकडे इस्रायलमध्ये बेने इस्रायलांवर वेगळाच प्रसंग आला होता. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. कोकणातून गेलेल्या माणसांना 'तुम्ही पक्के ज्यू कशावरून?' असं विचारलं जाऊ लागलं. जेरुसलेममध्ये ठिय्या आंदोलन झालं, आणि ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटला ठराव करून सांगावं लागलं की हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत. तिथे या समाजाला आपलं ज्यूपण सिद्ध करावं लागत होतं, आणि इथे त्याच समाजाचा सर्वांत प्रसिद्ध माणूस ज्यू आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. यात मला काहीच करुण वाटत नाही. १९६९ साली त्याला पद्मश्री मिळाली. फिल्मफेअरच्या सोहळ्यांचं निवेदन त्याच्याकडे, भारोत्तोलनाच्या स्पर्धांत पंच म्हणून त्याला मान. हा माणूस स्वतःच्या कातडीत अगदी सुखाने राहत होता.

नानाचं तसं नाही. त्याच्या अभिनयात सुख जवळजवळ नाहीच. लहानपणी पोटासाठी सिनेमाची पोस्टरं रंगवलेला, जे. जे.त उपयोजित कला शिकलेला हा मुलगा जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधला गुलाबराव झाला तेव्हा लोक त्याच्याकडे पाहून खुर्चीत मागे सरकायचे. 'परिंदा'तला (१९८९) अण्णा आगीला घाबरतो, आणि ती भीती नानाने इतकी खरी केली की खलनायकाची कीव यावी. त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. पुढे 'क्रांतिवीर' आणि 'अग्निसाक्षी'साठी आणखी दोन. 'प्रहार' (१९९१) त्याने स्वतःच दिग्दर्शित केला. माझा मित्र हे सगळं बोटांवर मोजून दाखवतो आणि विचारतो, "डेव्हिडने एक तरी सिनेमा खांद्यावर घेतला का?"

घेतला. 'बूट पॉलिश' (१९५४). राज कपूरची निर्मिती, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. बेवारस बहीणभावाला भीक मागू नका, काम करा असं शिकवणारा जॉन चाचा स्वतः मात्र चोरटी दारू विकतो. हा विरोधाभास एखाद्याने उपदेशात घालवला असता. डेव्हिडचा जॉन चाचा मुलांशी बोलताना स्वतःचीच लाज वाटत असल्यासारखा बोलतो, म्हणून त्याचं म्हणणं पटतं. त्या भूमिकेसाठी त्याला फिल्मफेअर मिळालं. सहायक अभिनेत्याचं! सिनेमा ज्याच्या आधारावर उभा, तोच सहायक.

याच 'बूट पॉलिश'मध्ये दुसरी गंमत आहे. जॉन चाचा तुरुंगात जातो आणि तिथे टकल्या कैद्यांना घेऊन पावसाची आळवणी करतो. मन्ना डे यांचा आवाज, राग अडाणा, आणि मागणं काय, तर टकलावर पीक यावं! इतक्या भारदस्त रागात इतकी फालतू मागणी, आणि डेव्हिड ती अशा भक्तिभावाने गातो की हसावं की हात जोडावेत कळत नाही. पुढे ३६ वर्षांनी अमोल पालेकरांच्या 'थोडासा रूमानी हो जायें'मध्ये (१९९०) नाना बारिशकर होऊन एका तहानलेल्या गावाला पाऊस विकतो. जिथे जूनमध्ये नको इतका पाऊस पडतो त्या किनाऱ्याच्या दोन्ही नटांनी पडद्यावर पाऊसच मागावा! पण फरक पाहा. डेव्हिड कोरसमधला एक होऊन मागतो. नाना एकटा उभा राहून ढगाला हुकूम सोडतो. नानाचं काम तिथे अप्रतिम आहे. त्याच्या रागावलेल्या भूमिकांपेक्षा मला हा थापाड्या, लयीत बोलणारा नाना कितीतरी जास्त आवडतो.

मग निवड कशी करायची? आवाक्यावर केली तर नाना निर्विवाद पुढे. मी दुसरं माप लावतो: या नटामुळे समोरच्याचं काम चांगलं होतं का? डेव्हिडच्या बाबतीत उत्तर दर वेळी हो असं येतं. 'बूट पॉलिश'मधली लहानगी नाझ असो, पालेकर असो, अशोक कुमार असो, त्याच्यासमोर सगळे मोकळे होतात. नानाच्या बाबतीत उत्तर सिनेमागणिक बदलतं. कित्येक चित्रपटांत समोरचा नट त्याचं भाषण संपायची वाट पाहत उभा असतो. दोष एकट्या नानाचा नाही. लिहिणाऱ्यांनी त्याला भाषणंच दिली.

याचा पुरावा नानाच्याच सर्वांत गाजलेल्या मराठी कामात आहे. २०१६च्या 'नटसम्राट'मध्ये त्याचे एकट्याचे मोठमोठे तुकडे टाळ्या घेतात. पण मला तो सिनेमा आठवतो तो विक्रम गोखले यांच्या रामभाऊसाठी, विशेषतः इस्पितळातल्या त्या प्रसंगासाठी. तिथे गोखले काही जिंकायला जात नाहीत. ते ऐकतात, थांबतात, जागा देतात, आणि नाना एकदम वेगळ्याच उंचीवर जातो. दुसऱ्याला जागा देणारा नट समोर असला की नाना किती मोठा होतो, हे तिथे दिसतं. नानाचा पहिला सिनेमा 'गमन' १९७८चा; डेव्हिड गेला १९८१-८२च्या सुमारास, दूर टोरंटोला. एकाच धंद्यात दोघांची जेमतेम चार वर्षं. त्या चार वर्षांत कुणा दिग्दर्शकाने त्यांना समोरासमोर बसवलं असतं, तर माझ्या मित्राशी वाद घालायची वेळच आली नसती.

तसं झालं नाही, म्हणून मत द्यावंच लागतं. माझं मत डेव्हिडला. मित्राचं 'नुसता काका' मला मान्य आहे, पण मोठे नट मिळतात, असा काका मिळत नाही. आणि नानाच्या कुठल्याही फसलेल्या सिनेमात नेमका तोच कमी पडलेला दिसतो.